पिंपरीची माती आणि प्रकाशाची साक्ष

मृगाची पहिली सर माहूरगडाच्या उतारावर पडली म्हणजे तापलेल्या मातींतून जो सुगंध दरवळतो, तो बव्हंशीं स्ट्रेप्टोमायसिस नांवाच्या सूक्ष्म जंतूंची करणी होय. दिसावयास बुरशीप्रमाणें तंतुमय, परंतु जातीनें बॅक्टेरियाच असलेले हे जीव आपल्या भोंवतीं नाना रसायनें निर्माण करितात. त्यांतील एका जंतूची हकीकत पुण्यानजीकच्या पिंपरीची आहे.

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी संस्था निघाली व १९५५ मध्यें तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. तथापि परक्यांनीं शोधलेलें औषध तयार करणें निराळें आणि नवें शोधून काढणें निराळें. शिवाय पेनिसिलिन बुरशीपुढें निष्प्रभ ठरतें. तान्ह्या मुलांच्या तोंडांत पांढरे चट्टे उठविणारी कँडिडा त्याला मुळींच जुमानीत नाहीं. संस्थेंतील डॉ. थिरुमलाचार व त्यांचे सहकारी ही उणीव भरून काढण्याच्या मागें लागले. पिंपरीच्याच मातींतील एक स्ट्रेप्टोमायसिस बुरशीचा नाश करणारें पिवळें द्रव्य निर्माण करितो, असें त्यांना आढळलें.

पण हें द्रव्य नवें कशावरून? न्यूयॉर्क राज्यांतील एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन या दोन विदुषींचें निस्टॅटिन १९५० सालींच प्रसिद्ध झालें होतें. कँडिसिडिन, अँफोटेरिसिन हींही पाठोपाठ आलीं होतीं. जुनेंच द्रव्य पुन्हा सांपडलें असतें तर वर्षांचे श्रम व्यर्थ गेले असते.

येथें वर्णपटाचा उपयोग होतो. द्रव्याच्या द्रावणांतून नीलातीत किरण सोडले असतां कोणत्या लांबीच्या लहरी शोषल्या गेल्या तें यंत्र आलेखरूपानें दाखवितें. या वर्गांतील औषधांच्या रेणूंत कार्बनच्या दुहेरी बंधांची एक सांखळी असते, व त्यामुळें आलेखावर तीन टोंकदार शिखरें उमटतात. बंध जितके अधिक तितकीं शिखरें लांब लहरींकडे सरकतात. निस्टॅटिनच्या चार बंधांच्या सांखळीचें मधलें शिखर ३०४ नॅनोमीटरच्या आसपास येतें. पिंपरीच्या द्रव्याचें ३८३ च्या आसपास आलें. म्हणजे बंध सात. तिसरें शिखर तर दृश्य जांभळ्या प्रकाशांत शिरतें, आणि म्हणूनच द्रव्य डोळ्यांना पिवळें दिसतें.

मात्र ही साक्ष गोत्राची झाली, नांवाची नव्हे. अँफोटेरिसिनचीं शिखरेंही जवळजवळ तेथेंच येतात. पिंपरीच्या द्रव्यांत एक सुगंधी वलय अधिक होतें, तें अँफोटेरिसिनमध्यें नाहीं. पण कँडिसिडिनमध्यें आहे! एका आलेखावर विसंबून नवेपणाचा पुकारा करणाऱ्याची येथेंच फसगत झाली असती. संपूर्ण रचना उलगडावयास पुढें वस्तुमान-वर्णपट व चुंबकीय अनुस्पंदन हीं अधिक सूक्ष्म साधनें लागलीं, आणि तेव्हां ‘ए’ व ‘बी’ अशीं दोन निकट द्रव्यें त्यांत असल्याचें ठरलें.

संस्थेच्याच पत्रिकेंत १९६१ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. संस्थेच्या नांवांतील आद्याक्षरांवरून औषधास हॅमायसिन, आणि गांवावरून जंतूस स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असें नांव मिळालें. ग्लिसरिनमध्यें कालविलेलें हॅमायसिन मुलांच्या तोंडांतील चट्ट्यांवर लावण्यांत येऊं लागलें. १९६४ मध्यें त्याच प्रयोगशाळेंतून पिकांच्या बुरशीवरील ऑरिओफंगिन बाहेर पडलें. त्याच्याही आलेखावर सात बंधांचीं तींच तीन शिखरें होतीं.