परधान गायक आणि गोंड इतिहासाची मौखिक साधने

१७०२ मध्ये नागपूर वसविणारा बख्त बुलंद शाह हा सातपुड्यातील देवगडचा गोंड राजा होता. नागपूरच्या इतिहासाची चर्चा मात्र बहुधा भोसलेकालीन कागदपत्रांभोवती फिरते. गोंडांच्या कुलकथा बव्हंशी परधान गायकांच्या कंठात टिकल्या. ‘बाना’ या गजाने वाजविल्या जाणाऱ्या तंतुवाद्यावर बडादेवाचे आवाहन करून ते यजमान कुळांच्या कथा गात व दान स्वीकारीत. शामराव हिवाळे यांनी १९४६ च्या ग्रंथात नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांचे जीवन नोंदविले. यजमानांचे दान आटत गेले, तसे अनेक परधान शेती-मजुरीकडे वळले. महोत्सवांच्या मंचावर बाना ऐकू येतो. परंतु अल्पकालीन सादरीकरणात दीर्घ कुलकथा मावत नाही. म्हणून सुरांबरोबरच गायक-यजमान संबंधांची नोंद करणे हे इतिहासाभ्यासकांचे कर्तव्य ठरते.