‘ड’ जीवनसत्त्व, तरुणी आणि शरीरातील चरबी

कृष्णाकाठची सातारा आणि सांगली ही दोन्ही शहरे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. वर्षातून दोनदा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. एकदा मे महिन्यात आणि दुसऱ्यांदा ऐन पावसाळ्यात. अशा प्रदेशात उन्हातून मिळणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाची वाण पडू नये, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात भरपूर ऊन असूनही भारतातील शहरी तरुणींमध्ये या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते.

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते. यकृत आणि मूत्रपिंडात त्याचे कार्यक्षम रूप बनते. अन्नातील कॅल्शियम रक्तात शोषले जाण्यासाठी ते आवश्यक असते. हाडांची बळकटी प्रामुख्याने विशीपर्यंत घडत असल्याने या वयातील कमतरता पुढे महाग पडू शकते.

चरबीशी संबंध

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे डॉ. रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील १६ ते २२ वर्षे वयाच्या ९० तरुणींचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५९ टक्के तरुणींमध्ये ‘ड’ जीवनसत्त्व अपुरे होते आणि ज्यांच्यात ते कमी होते, त्यांच्या शरीरात चरबी अधिक होती.

मग कमतरतेमुळे चरबी वाढते, की चरबीमुळे कमतरता येते? ‘ड’ जीवनसत्त्व चरबीत विरघळते. शरीरात चरबी जास्त असेल, तर ते तिच्यात साठून राहते आणि रक्तात कमी उतरते. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सारख्याच अतिनील किरणांनंतर स्थूल व्यक्तींच्या रक्तात या जीवनसत्त्वाची वाढ ५७ टक्क्यांनी कमी दिसली. २०१३ मध्ये सुमारे ४२ हजार लोकांच्या जनुकीय माहितीचे विश्लेषण झाले. त्यातही स्थूलतेमुळे पातळी घटते, असाच निष्कर्ष निघाला. उलट दिशेने पुरावा मिळाला नाही. त्यामुळे वजन उतरवण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेण्यात अर्थ नाही.

सडपातळ म्हणजे निर्धास्त नव्हे

केवळ वजनावरून चरबीचा अंदाज येत नाही. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. मात्र शरीरातील चरबी अनुक्रमे २१.२ आणि ९.१ टक्के होती. हे उदाहरण २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणूनच भारतीय स्त्रियांनी वजनाबरोबर कमरेचा घेरही मोजावा. तो ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा.

कोवळे ऊन पुरेसे नाही

सकाळच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ जीवनसत्त्व मिळते, असा समज घरोघरी आहे. परंतु सूर्य क्षितिजाजवळ असताना आवश्यक किरण जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते, ती वेळ उपयुक्त. साधारणपणे सकाळी ११ ते दुपारी २. दुचाकीवर स्कार्फ, सनकोट व हातमोजे घालून जाणाऱ्या तरुणींच्या त्वचेला हे ऊन लागतच नाही. खिडकीच्या काचेतूनही ते किरण येत नाहीत. आठवड्यातून काही दिवस हात-पाय थोडा वेळ उघडे ठेवून उन्हात बसावे. त्वचा भाजेपर्यंत मात्र थांबू नये. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो.

आहार आणि औषध

अंड्याचा पिवळा बलक व बांगड्यासारखे तेलकट मासे वगळता नेहमीच्या जेवणात हे जीवनसत्त्व फारच थोडे असते. शाकाहारी घरांनी ‘+एफ’ हे निळे चिन्ह असलेले पोषणवर्धित दूध व तेल निवडावे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज ६०० युनिट आवश्यक आहेत.

अंगदुखी, स्नायूंचा अशक्तपणा अशा तक्रारी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करावी. एक मिलिलिटर रक्तद्रवात २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळी ही सामान्यतः कमतरता मानली जाते. ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नये. तिचा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्व आणि चरबी घटविण्यासाठी व्यायाम व मिताहार, हा फरक तरुणींनी लक्षात ठेवणे हिताचे आहे.