स्वस्त संगणक, महाग तार

मागच्या भागात नासातल्या १९९४ च्या बेओवुल्फची गोष्ट ऐकलीत: १६ साधे ४८६ संगणक, साध्या नेटवर्कनं जोडलेले. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, मग महासंगणकावर कोट्यवधी कशाला घालवायचे? प्रश्न रास्त आहे. पैसा शेवटी तुमचा-आमचाच.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठानं अ‍ॅपलचे ११०० पॉवर मॅक जोडून ‘सिस्टिम एक्स’ उभी केली. मांडामांडीला विद्यार्थी! खर्च सुमारे ५२ लाख डॉलर, आणि नोव्हेंबरच्या टॉप-५०० यादीत नंबर थेट तिसरा. पहिला होता जपानचा ‘अर्थ सिम्युलेटर’, किंमत ३५ कोटी डॉलरच्या घरात.

आता आकडे नीट बघा. सिस्टिम एक्सची कागदावरची ताकद १७.६ टेराफ्लॉप्स, चाचणीत मिळाले १०.२८, म्हणजे ५८ टक्के. अर्थ सिम्युलेटरनं ४०.९६ पैकी ३५.८६ दिले, ८७ टक्के. इतकंच नाही, पृथ्वीभरच्या वातावरणाच्या खऱ्याखुऱ्या गणितातही त्यानं २६.५८ गाठले होते.

हा फरक येतो कुठून? फौजेतला माणूस लगेच ओळखेल: दळणवळणातून. दहा गस्ती वेगवेगळ्या दिशांना पाठवल्या, तर वायरलेस साधा असला तरी भागतं. कणभौतिकीतल्या टकरींचं विश्लेषण असंच, प्रत्येक टक्कर स्वतंत्र. पण हवामानाच्या गणितात प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनाची खबर पावलोपावली लागते. तिथे निरोप उशिरा पोचला की प्रोसेसर नुसते उभे. म्हणून तर सिस्टिम एक्सनंही साधं नेटवर्क सोडून महागडं इन्फिनिबँड घेतलं होतं.

दुसरी उणीव जास्त बोचरी. त्या मॅकच्या मेमरीत चूक आपोआप दुरुस्त करण्याची सोय नव्हती. घरच्या संगणकात क्वचित एखादा बिट उलटला तर कुणाला कळतही नाही. ११०० यंत्रं दिवसेंदिवस एकच गणित करत असतील, तर उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा? अखेर २००४ मध्ये सगळी यंत्रं बदलून ती सोय असलेले सर्व्हर बसवले. यादीत परतली तेव्हा वेग वाढून १२.२५ झाला होता, नंबर मात्र सातवा.

आणि आपला परम? पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० बांधला, तोही बाजारात मिळणाऱ्या चिपा जोडूनच. पण निवडली होती ट्रान्सप्युटर, जिच्या अंगातच शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे होते.