तारीख बदला, निषेध तोच

26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी डेस्कवरून मला फोन, "मुस्लिम समाजाची प्रतिक्रिया घे, दोनशे शब्द." मी तेव्हा एका दैनिकात शहर बातमीदार होतो. गाडीला किक मारली आणि विजापूर वेशीत गेलो. तिथे कापडाचं छोटं दुकान असलेले एक चाचा होते. अशा वेळी मी दरवेळी त्यांनाच गाठायचो. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "लिही, तीव्र निषेध. मागच्या वेळचा कागद असेलच की तुझ्याकडे. तारीख बदल."

मी हसलो. बातमी छापून आली. समुद्रातून आलेल्या दहा पोरांबद्दल सोलापुरातल्या कापड दुकानदाराने खुलासा का द्यायचा, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमात ते शिकवत नाहीत.

हे आता आठवायचं कारण म्हणजे परवा एका शाळासोबत्याचा फोन आला. "काय बे, तू पेपरवाला ना? खरं सांग, साध्या मुसलमानाला या खूनखराब्याबद्दल आतून काय वाटतं?" प्रश्न खोडसाळ नव्हता. पण फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून हे लांबण लावतोय.

मुंबईच्या त्याच हल्ल्यातलं एक सांगतो. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफन करायला मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानच्या ट्रस्टने जागा नाकारली. कब्रस्तानात जागा नाही म्हणणं म्हणजे काय, हे ज्याच्या घरी मयत उचलली गेलीय त्याला कळेल. मृतदेह वर्षभर शवागारात पडून होते. शेवटी जानेवारी 2010 मध्ये सरकारने ते गुपचूप पुरले आणि आर. आर. पाटलांनी एप्रिलमध्ये सभागृहात ते सांगितलं. दोनशे शब्दांच्या माझ्या प्रतिक्रियेपेक्षा त्या ट्रस्टचं एक 'नाही' मोठं होतं.

पण माझ्या मित्राला द्यायचं उत्तर मुंबईत शोधायची गरज नाही. ते आपल्या चार पुतळ्यापाशी उभं आहे. चार पुतळा म्हणजे आपल्याला पत्ता सांगायची खूण. रिक्षावाल्याला सांगतो, उतरतो, निघून जातो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चौघांची नावं सलग घेता येणारे किती निघतील, पैज लावायला हरकत नाही.

कुर्बान हुसेन पेपरवाला होता. 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचा, गिरणी कामगारांत वावरायचा, हिंदू-मुसलमानांनी एकत्र राहावं म्हणून लिहायचा. वय विशीच्या आसपास. मे 1930 च्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. 8 मे रोजी रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला लोक जमले, धरपकड झाली, गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेला. मग जमाव फिरला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जळाली, कोर्ट जळालं, पोलीस मारले गेले. काही दिवस शहरात सरकारच उरलं नाही आणि 12 मेपासून मार्शल लॉ. पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात या चौघांना धरलं आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. अहिंसेचा आग्रह धरणारे गांधीजी त्या दिवशी त्याच येरवड्यात कैदेत होते. त्यांची सुटका पुढे 26 तारखेला झाली.

कुर्बान हुसेनवर आरोप होता तो हिंसेचाच, खुनाचा. सोलापूरने तो कधी मानला नाही. चौघे निर्दोष होते हेच आपण आजोबांकडून ऐकत आलो. पण घटकाभर सरकारचं म्हणणं धरून चाललं, तरी त्या जमावात असण्याचं कारण शोधायला कुणी त्याच्या धर्मग्रंथाची पानं उलटली का? धनशेट्टींच्या लिंगायतपणात किंवा सारडांच्या मारवाडीपणात कुणी ते शोधलं का? गोळीबार झाला, पोरगं मेलं, लोक चिडले, एवढं कारण सगळ्यांना पुरेसं होतं. आज नाव मुसलमानाचं निघालं की तेवढ्यावर आपलं भागत नाही.

आता उलटी बाजू. धर्माचा आणि हिंसेचा काही संबंधच नसतो असं मी म्हणणार नाही, सोलापूरच्या माणसाने तर म्हणूच नये. आपल्या वेशीबाहेर निजामाचं राज्य होतं. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि तो धर्माच्याच नावाने माणसं गोळा करत होता. त्यांनी गावं जाळली, लुटली. तिकडून पळून आलेली माणसं या शहराने पाहिली आहेत. पण त्याच रझाकारांनी ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत ज्याला भर रस्त्यात गाठून मारलं, ज्याचे हात तोडले, तो शोएबुल्ला खान होता. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचा संपादक. गुन्हा एकच, संस्थानाने भारतात यावं असं लिहिलं. हा दुसरा पेपरवाला.

मग साधा मुसलमान कोण, रझवी की शोएबुल्ला? दोघंही नाहीत. तो मागावर बसलेला मोमीन होता, फळं विकणारा बागवान, कापूस पिंजणारा. त्याने दार लावून घेतलं. आपणही तेच केलं असतं.

तरी हिशोब त्याच्याकडूनच वसूल झाला. 13 सप्टेंबर 1948 ला फौजा सोलापुराहूनच नळदुर्गच्या दिशेने निघाल्या, 17 ला निजाम शरण आला. हे आपल्याला पाठ आहे. त्यानंतर काय झालं ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने फिरून लिहिलं. 27 ते 40 हजार माणसं मेल्याचा त्यांचा अंदाज, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत शेजारचं उस्मानाबाद आणि गुलबर्गा. हा अहवाल लोकांना वाचायला मिळाला 2013 च्या सुमारास. त्यात एक नोंद आहे, विणकरांच्या या गावात ती भिंतीवर लिहायला हवी. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या आडवे उभे राहिले, हिंदू जमावाच्या विरोधात, आणि त्यात काहींचे जीवही गेले.

"आतून काय वाटतं" याचा अभ्यास करणारा माणूसही आपल्याच गावात होता. संगमेश्वर कॉलेजचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर. 'भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजरचना' हे त्यांचं पुस्तक. मुसलमान म्हणजे एक गठ्ठा नाही, त्यात जाती-बिरादऱ्या आहेत, भाषा आहेत, पोटापाण्याचे धंदे आहेत, हे ते सांगत राहिले. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन 1990 ला सोलापुरात भरलं त्यामागे त्यांचा मोठा हात. 2018 च्या ऑगस्टमध्ये सर गेले.

मित्राला आकडे लागतात, तर तेही देतो. अमेरिकेच्या प्यू संस्थेने 2019-20 मध्ये भारतात सुमारे 30 हजार माणसांना भेटून विचारलं. जातीय हिंसाचार हा देशापुढचा फार मोठा प्रश्न आहे असं म्हणणारे हिंदू 65 टक्के, मुसलमानही 65 टक्के. इतर धर्मांचा आदर हा आपल्या धर्माचा फार महत्त्वाचा भाग आहे असं मानणारे हिंदू 80, मुसलमान 79. सगळंच गोड आहे असं नाही. आपल्या बायकांनी धर्माबाहेर लग्न करू नये, हे रोखणं फार महत्त्वाचं वाटणारे मुसलमान 80 टक्के आणि हिंदू 67. कर्मठपणा भरपूर आहे, त्यावर भांडायला हवं, मी भांडतोही. पण कर्मठ असणं आणि हातात बंदूक घेणं या दोन गोष्टी आहेत. आपल्या आजीला आपण अतिरेकी म्हणत नाही.

विजापूर वेशीतलं ते दुकान आता चाचांचा मुलगा चालवतो. मागच्या महिन्यात तिकडून जाताना थांबलो. चाचांनंतर त्याच्याकडे प्रतिक्रियेसाठी कुणी येतं का, विचारलं. म्हणाला, "आता येत नाहीत. आता मोबाइलवर मेसेज टाकतात, दोन ओळी पाठव म्हणून." फोन काढून त्याने दाखवला. मजकूर त्याने आधीच लिहून ठेवला होता, फक्त तारखेची जागा मोकळी होती.