केईएमच्या परिचारिका आणि साडेएकेचाळीस वर्षं

आपल्या घोटी-इगतपुरीकडे मोठं दुखणं निघालं की माणूस आधी नाशिकच्या सिव्हिलला जातो. तिथूनही पुढे जायची वेळ आली तर कसारा घाट उतरून मुंबईला, परळच्या केईएमला. तिथे पंधरा दिवस काढून आलेल्या बाईला विचारून बघा. मोठ्या डॉक्टरांचं नाव तिला आठवत नाही, पण "आमच्या वॉर्डातल्या सिस्टर" कशा होत्या ते ती अर्धा तास सांगते. आजचं बोलणं त्या सिस्टरांविषयी.

केईएम सुरू झालं 1926 साली. इंग्रजांच्या राज्यात हे महापालिकेचं रुग्णालय, आणि इथले डॉक्टर-प्राध्यापक भारतीयच असतील अशी देणगीदारांची अट होती. त्या काळी ही मोठी गोष्ट. पण मला ज्या काळाचं सांगायचं आहे तो सुरू होतो 27 नोव्हेंबर 1973 ला.

त्याआधी एक सांगते. पुढारीपण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माईक येतो, हार येतो, फार तर एखाद्या रात्रीचं धाडस येतं. ते धाडसही खरंच. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या वॉर्डातल्या 20 गरोदर बायकांना टोकाच्या पॅन्ट्रीत हलवून दारं लावून घेतली. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर गोळीबार चालू असताना भिंतीच्या कडेकडेने तिला प्रसूतिगृहात पोचवलं. पुढे कसाबला ओळखायलाही त्या उभ्या राहिल्या. हे आपल्याला चटकन दिसतं, दिसायलाच हवं. पण परिचारिकांच्या कामात दुसऱ्याही प्रकारचं नेतृत्व असतं. ते दिसत नाही, कारण ते रोज होतं.

अरुणा शानभाग कर्नाटकातल्या हळदीपूरची. केईएममध्ये परिचारिका, वय 25, लग्न ठरलेलं. कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग व्हायचे त्या विभागात तिचं काम होतं. तिथल्या एका सफाई कामगाराला तिने कामातल्या गैरप्रकारावरून टोकलं होतं, वर तक्रार करीन असं बजावलं होतं, असं सांगतात. त्या संध्याकाळी ड्युटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे त्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि अरुणा पुन्हा कधी शुद्धीत आली नाही. त्या माणसाला चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. त्याचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही.

कामावरच्या पुरुषाला "हे चालणार नाही" असं सांगणं हा तिच्या नोकरीचाच भाग होता. गटाच्या कामात हिशेब मागणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईतल्या परिचारिका तेव्हा संपावर गेल्या. मागण्या साध्या होत्या: अरुणाची नीट काळजी घ्या आणि आम्हाला कामावर सुरक्षितता द्या. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर देशभरचे डॉक्टर रस्त्यावर आले, तेव्हा त्यांची मागणीही हीच होती. मध्ये पन्नास वर्षं गेली होती.

संप मिटला. घोषणा थांबल्या. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर बेडसोअर म्हणजे काय ते तुम्ही पाहिलं असेल. एकाच कुशीवर पडून राहिलं की हाडाजवळची कातडी दबते, तिथलं रक्त अडतं, जखम होते आणि ती आत आत जाते. उपाय ठाऊक असतो: दर दोन तासांनी कूस बदला, चादर कोरडी आणि सुरकुती नसलेली ठेवा, पाठ स्वच्छ ठेवा. यात अवघड काय? अवघड हे की तो रात्री तीन वाजताही करायचा असतो, दिवाळीतही करायचा असतो. आपण बचत गटातल्या बाया, हिशेब करूनच बघू. दोन तासांच्या नियमाने दिवसाला 12 वेळा, वर्षाला 4,380 वेळा. 41 वर्षांचे होतात 1,79,580. आणि तोवरच्या सगळ्या वर्षांत अरुणाच्या अंगावर एकही बेडसोअर झाला नाही, हे रुग्णालयाने 2011 च्या निकालाआधी सर्वोच्च न्यायालयाला कळवलं.

हे एकीने केलेलं नाही, करूही शकत नव्हती. 1973 साली नोकरीत असलेल्या सगळ्याजणी निवृत्त झाल्या. नंतर आलेल्या काही अरुणावर हल्ला झाला तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. तरी पाठ कोरडी राहिली. कशी? दवाखान्यात ड्युटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला "ओव्हर" देते. कोणत्या खाटेवर कोण, रात्र कशी गेली, काय द्यायचं राहिलं, हे सगळं. अरुणाचा ओव्हर तीन पिढ्यांनी एकमेकींना दिला. तिला अन्न कुस्करून भरवायचं, मासे तिला आवडतात, घास नको असेल तर ती कसं दाखवते. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नसतं. इन-चार्ज सिस्टरने नव्या मुलीला खाटेपाशी उभं करून सांगावं लागतं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचं नाव दिवा घेतलेल्या चित्रामुळे आपल्याला ठाऊक आहे. पण 1859 साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी एक अख्खं प्रकरण फार रोखठोक गोष्टीवर खर्च केलं: आपण तिथे असताना जे होतं ते आपण नसतानाही होईल, अशी व्यवस्था लावून ठेवणं. ते जिला जमत नाही तिची सगळी मेहनत वाया जाते, असा त्यांचा रोख आहे. एका हुशार अध्यक्षबाईवर उभा असलेला गट ती सासरी किंवा शहरात गेल्यावर कसा बसतो, ते मी पाहिलेलं आहे, म्हणून मला हे प्रकरण चित्रातल्या दिव्यापेक्षा मोठं वाटतं.

ही व्यवस्था कुणी आपसूक टिकू दिली असंही नाही. 1980 च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला दुसरीकडे हलवायचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिका पुन्हा उभ्या राहिल्या आणि पालिकेला बेत सोडावा लागला.

मग प्रकरण दिल्लीला गेलं. पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे विनंती केली की अरुणाचं जबरदस्तीने भरवणं थांबवून तिला शांतपणे जाऊ द्यावं. विराणींचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही. अरुणाची कहाणी पुस्तक लिहून लोकांपुढे त्यांनीच आणली. असल्या अवस्थेत जगण्याला जगणं म्हणावं का, हा प्रश्नही खोटा नाही. परिचारिकांनी मात्र ठाम नकार दिला. 7 मार्च 2011 ला, महिला दिनाच्या आदल्या दिवशी, निकाल आला. न्यायालयाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट देशात पहिल्यांदा मोकळी केली, पण अरुणाच्या बाबतीत नाही. तिची जवळची व्यक्ती कोण, तिच्या वतीने कुणी बोलायचं? न्यायमूर्तींनी उत्तर दिलं: केईएमचे कर्मचारी.

या निकालातलं मला हेच सर्वांत मोठं वाटतं. ज्यांना एरवी डॉक्टरांच्या मागे उभं राहून सूचना लिहून घ्यायच्या असतात, त्यांचं म्हणणं देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ग्राह्य धरलं गेलं. हा अधिकार त्यांना कुणी पदामुळे दिला नव्हता. रात्रपाळ्यांनी दिला होता. उद्या आपल्यापैकी कुणाची मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली आणि घरात कुणी "त्यात काय, गोळ्या वाटायच्या" असं म्हणालं, तर त्याला हा निकाल सांगा.

18 मे 2015 ला न्यूमोनियाने अरुणा गेली. चार नंबर वॉर्डापाशी परिचारिकांची रीघ लागली, आणि भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत त्या तिच्यासोबत होत्या. तिचा वाढदिवस 1 जूनला असे, तो त्या वॉर्डात करायच्या. त्या वर्षी तो चौदा दिवसांवर आला होता.