लेखणीचा हंगाम : डोणगाव परिसर आणि मोबदल्याच्या लेखनाचे वर्ष

कोणाच्याही कायम नोकरीत न राहता, कामापुरता मोबदला घेऊन केलेल्या लेखनाला आज मुक्तलेखन म्हणतात. या व्यवसायात काही महिने हाताला उसंत नसते आणि काही महिने कामच नसते, आणि या चढउताराचे खापर बहुधा लेखकाच्या नशिबावर किंवा आळसावर फोडले जाते. महाराष्ट्रातील लेखनव्यवसायाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. लिहवून घेणाऱ्याच्या हाती पैसा केव्हा येतो, कायदा कागद केव्हा मागतो आणि सण केव्हा पडतात, या तीन गोष्टींनी लेखणीचे वर्ष ठरवले आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यात, मालेगाव आणि मेहकर यांच्या दरम्यान जुन्या नागपूर–मुंबई मार्गावर वसलेल्या डोणगावसारख्या कोरडवाहू गावाच्या परिसरातून पाहिले, म्हणजे या तिन्ही गोष्टी एकाच वर्षात एकमेकींत कशा गुंतल्या आहेत हे स्पष्ट दिसते.

डोणगाव ज्या वऱ्हाडात येते तो प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, वऱ्हाडी कापसाला परदेशातून मोठी मागणी आली, पुढे १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा निघाला आणि खामगाव ही कापसाची नामांकित बाजारपेठ झाली. पैसा गावात येण्याचा काळ त्यामुळे अधिकच ठरून गेला. पेरणीच्या तोंडावर शेतकरी कर्ज काढी आणि कापूस विकल्यावर, म्हणजे कार्तिक ते फाल्गुन या महिन्यांत, ते फेडी किंवा फेडू न शकल्यास जमीन गहाण टाकी. या प्रत्येक टप्प्याला कागद लागत असे, आणि बहुसंख्य शेतकरी निरक्षर असल्यामुळे तो लिहून देणाऱ्या माणसाची गरज पडत असे. कचेरीच्या आवारात बसून पैसे घेऊन अर्ज व तक्रारी लिहून देणारा अर्जनवीस आणि खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांसारखे मिळकतीचे कागद तयार करणारा दस्तलेखक हे ग्रामीण महाराष्ट्रातील मोबदल्याच्या लेखनाचे जुने प्रतिनिधी होत. त्यांच्या कामाची भरती आणि ओहोटी शेतीच्या हंगामाबरोबर येत असे.

या वर्षाचा एक ठळक टप्पा म्हणजे गुढीपाडवा. वऱ्हाडात सालगड्याचे, म्हणजे वर्षभराच्या कराराने शेतावर राबणाऱ्या गड्याचे, वर्ष पाडव्यापासून पाडव्यापर्यंत मोजले जाते. शेत मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर, किंवा बटईने, म्हणजे उत्पन्नाच्या ठरलेल्या वाट्यावर, देण्याचे व्यवहारही याच सुमारास नव्याने होतात. १९०८ च्या नोंदणी कायद्याने शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीचे अनेक व्यवहार आणि वर्षाहून अधिक मुदतीचे भाडेपट्टे यांची नोंदणी सक्तीची केली. मोठ्या व्यवहाराचा कागद त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी गेला, तर एका वर्षापुरत्या मक्त्याची चिठ्ठी गावातच लिहिली जाण्याइतकी साधी राहू शकली. अशा चिठ्ठीत लिहून देणार व लिहून घेणार यांची नावे, शेताचा सर्व्हे किंवा गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा म्हणजे चारही बाजूंना कोणाचे शेत किंवा कोणता रस्ता आहे त्याचे वर्णन, मक्त्याची रक्कम, ती देण्याची मुदत आणि अखेरीस साक्षीदारांच्या सह्या किंवा डाव्या हाताचा अंगठा असा मजकूर ठरावीक क्रमाने येतो. चतुःसीमेत पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झाली तरी पुढे वर्षानुवर्षे वाद चालू शकतो, त्यामुळे हे लेखन छोटे असले तरी जबाबदारीचे आहे, आणि पाडव्याच्या आसपास त्याला येणारी गर्दी आषाढात उरत नाही.

छापखाने तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचल्यावर लेखणीच्या वर्षाला आणखी दोन हंगाम मिळाले. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचे मुहूर्त सुरू झाले, की पत्रिकांचा मजकूर, मंगलाष्टके आणि मानपत्रे लिहून देण्याचे काम निघते आणि ते वैशाख-ज्येष्ठापर्यंत पुरते. दुसरा हंगाम सहकाराने दिला. सहकारी संस्थेचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सध्याच्या तरतुदीनुसार ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. अध्यक्षांचे मनोगत, संस्थेच्या वाटचालीचा आढावा आणि सभेची सूचना असलेले अहवाल लिहिण्याची व तपासण्याची घाई म्हणूनच ऐन पावसाळ्यात येते. शेतीच्या दृष्टीने हातात पैसा नसलेल्या महिन्यांत मिळणारे हे काम लिहिणाऱ्याला मोठा आधार देते.

रंगभूमीसाठी लिहिणाऱ्यांचे वर्षही जमिनीनेच ठरवले. मोठ्या तमाशा फडांचे दौरे दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन वैशाखापर्यंत, गावोगावच्या जत्रांच्या बळावर चालतात. पूर्व विदर्भातील धानाच्या पट्ट्यात रुजलेली आणि वडसा-देसाईगंज हे केंद्र असलेली झाडीपट्टी रंगभूमी भाऊबीजेच्या आसपास उभी राहते आणि होळीपर्यंत रंगते, कारण धान घरात आलेले असते, उघड्यावर प्रयोग करण्याजोगी जमीन कोरडी झालेली असते आणि मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्ताने पाहुणे गावात असतात. प्रयोग हिवाळ्यात होत असल्यामुळे नवे नाटक किंवा नवा वग, म्हणजे तमाशातील नाट्य, त्याआधीच्या पावसाळ्यात लिहून तयार ठेवावा लागतो. लेखकाचा कष्टाचा काळ आणि कमाईचा काळ यांच्यात अशा रीतीने काही महिन्यांचे अंतर पडते.

हेच अंतर मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या हंगामात, दिवाळी अंकांत, अधिक ठळकपणे आढळते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये सुरू केलेल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला आणि तेथून ही परंपरा रुजली. नाताळानिमित्त खास अंक काढण्याची इंग्रजी नियतकालिकांची रीत मित्र यांच्यापुढे होती. चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये सुरू केलेल्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’ या साप्ताहिकाचे नाताळ अंक त्या रीतीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मौज’, ‘सत्यकथा’, ‘दीपावली’, ‘हंस’ आणि ‘आवाज’ यांच्या अंकांनी कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे यांना दरवर्षी हक्काची जागा दिली.

या परंपरेने लेखकाचे वर्षच नव्याने आखून दिले. संपादकांची निमंत्रणे उन्हाळ्यात किंवा पावसाच्या तोंडावर निघतात, मजकूर श्रावण-भाद्रपदापर्यंत हाती यावा अशी अपेक्षा असते, छपाईचे खिळे हाताने जुळवण्याच्या काळात तर मुद्रितशोधनासाठी, म्हणजे छापील नमुन्यातील चुका दुरुस्त करण्यासाठी, त्याहून आधीची मुदत लागे, आणि अंक दसरा-दिवाळीच्या दरम्यान बाजारात येतो. अंकाचा खर्च केवळ विक्रीतून निघत नाही. तो मुख्यतः सणाच्या जाहिरातींतून निघतो आणि जाहिरातीचे पैसे अंक निघाल्यावर वसूल होतात, त्यामुळे लेखकाचे मानधन अनेकदा दिवाळीनंतरच मिळते. खरिपाची पेरणी करून दिवाळीला माल विकणारा डोणगावचा सोयाबीन उत्पादक आणि आषाढात कथा लिहून कार्तिकात मानधन घेणारा लेखक यांचे वर्ष जवळपास सारखेच चालते, आणि मधल्या महिन्यांची उधारी दोघांनाही स्वतःच्या अंगावर घ्यावी लागते. जाहिराती किंवा कागद आटला की हा हंगामही कोलमडतो. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आले तेव्हा आणि २०२० च्या कोरोना साथीत जाहिराती घटल्या तेव्हा अंकांची पाने कमी झाली आणि पर्यायाने लेखकांचे कामही कमी झाले.

एवढ्या एका हंगामावर संसार चालत नसल्यामुळे बहुसंख्य मराठी लेखकांनी उपजीविकेचा दुसरा आधार शोधला. डोणगावच्या तालुक्याचे गाव असलेल्या मेहकरला ना. घ. देशपांडे वकिली करीत राहिले. त्यांचा ‘शीळ’ हा संग्रह १९५४ मध्ये आला आणि ‘खूणगाठी’साठी त्यांना १९८६ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. याच जिल्ह्यातील अमडापूरचे सदानंद देशमुख यांना ‘बारोमास’ या कादंबरीसाठी २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, आणि तेही मराठीचे अध्यापन करीतच लिहीत आले. एका हंगामावर न विसंबता वर्षभर लिहिणाऱ्यांत बाबूराव अर्नाळकर यांचे नाव ठळक आहे. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत रहस्यकथांना बारा महिने मागणी असल्यामुळे त्यांना हजाराहून अधिक रहस्यकथा सातत्याने लिहिता आल्या. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने दिनदर्शिकेच्या पानामागे लेख छापून लेखनाला वर्षअखेरीची आणखी एक बाजारपेठ दिली.

या सर्व उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष एकच आहे. मोबदल्याच्या लेखनातील मंदी हा लेखकाच्या गुणवत्तेवरचा निकाल नसून ती गिऱ्हाइकाच्या वर्षाची छाया आहे, आणि म्हणूनच ती बऱ्याच अंशी आधी ओळखता येते. पाडव्याचे करारनामे, पावसाळ्यातील अहवाल, दिवाळीचा अंक आणि लग्नसराईच्या पत्रिका यांची सांगड घालणाऱ्याला रिकामे महिने कमी येतात, तर एकाच हंगामाच्या भरवशावर राहणाऱ्याला जाहिरातीतील किंवा पावसातील प्रत्येक घट सोसावी लागते. मात्र सारा भार लेखकाच्या नियोजनावर टाकणे न्याय्य नाही. मजकूर स्वीकारताना मानधनाचा काही भाग देण्याची प्रथा पडली, तर दिवाळीचा साहित्यव्यवहार लेखकाच्या उधारीवर उभा राहणार नाही, आणि लेखनासाठी नोकरी सोडण्याचा विचार करणाऱ्या गावोगावच्या तरुणाला त्याचा हिशेब मांडता येईल. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेल्या परंपरेकडून एवढी अपेक्षा रास्तच आहे.