स्वामीजींतील शिक्षक
स्वामी रामानंद तीर्थ हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनानी खरे. माझ्या लेखी मात्र ते आधी शिक्षक. जन्म सिंदगीचा, कन्नड मुलखातला. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. उच्च शिक्षणाच्या वाटेवर मराठी, कन्नड, तेलुगू मुलाला मायबोली उंबरठ्याशीच ठेवावी लागे. हिप्परगा व अंबाजोगाई येथे शिकविणाऱ्या स्वामीजींना ही कोंडी रोज दिसत असणार. १९३८ मध्ये ते सत्याग्रहात उतरले. १९५२ साली गुलबर्ग्याने, म्हणजे आजच्या कलबुर्गीने, त्यांना लोकसभेत पाठविले. हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन व्हावे, हा त्यांचा आग्रह १९५६ मध्ये फळास आला. बीदर, गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. भालकी, औरादची मराठी घरेही त्यांबरोबर गेली. त्या घरांतील मुलाने कोणत्या भाषेत शिकावे, हा स्वामीजींच्या वर्गातलाच प्रश्न पुन्हा आमच्या दाराशी आला.